डाव्या खांद्याचा पट्टा

दाताला आधी कळलं, मग मला. डॉक्टर लो सिऊ पेंग माझ्या तोंडात आरसा धरून खालच्या डाव्या दाढेवर चिमट्याच्या मागच्या टोकाने टकटक करत होती. आतून कोणी दार उघडेल अशी आशा नसलेला माणूस करतो तशी. "अंकल, ही दाढ मेलीय," ती म्हणाली. "आज नाही, केव्हाच. पंधरा वर्षं तरी झाली असतील. हिला थंड नाही, गरम नाही, काही कळत नाही." आणि नेमकी तेव्हाच दाढ गुणगुणायला लागली. आधी मुळाशी, मग जबड्याच्या हाडातून वर कानामागे. तिच्यानंतर चौथ्या मजल्यावरच्या त्या खिडकीची काच थरथरली, काचेनंतर ट्रेमधली हत्यारं एकमेकांना लागून किणकिणली, आणि ज्यांच्यावर हवाई दलाने एकतीस वर्षं विश्वास ठेवला ते माझे कान सगळ्यांत शेवटी जागे झाले. "स्वातंत्र्यदिनाची तालीम," डॉक्टर खिडकीकडे न बघताच म्हणाली. "आठवडाभर हेच चाललंय. पेशंट दचकतात, मला वाटतं माझ्या हातालाच दचकले. आज चारला पुन्हा आहे, म्हणे, पूर्ण तालीम. रस्ते बंद. चारच्या आत घरी जा, अंकल." पाच हेलिकॉप्टरं होती. मी आडवा, तोंड छताकडे, दिव्याखाली. दिसण्यासारखं काहीच नव्हतं. पण पाचांतला तिसरा आमचा सात नंबर आहे हे मला समजलं. बायको मागच्या दाराने आली की पुढच्या, हे अंथरुणातून समजतं तसं. ती पाचही शहराच्या मनोऱ्याला वळसा घालत होती. डावीकडून. गुणगुण एकदम जाड झाली, दाढेच्या चिरेत अडकली, आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरून मनात मोजलं. एक, दोन, तीन, चार. मग गुणगुण पातळ होत दक्षिणेकडे निघून गेली. "दुखलं?" डॉक्टरने विचारलं. मी म्हटलं, "आँ." तोंडात दोन हात असताना माणूस याहून खरं बोलू शकत नाही. "दुखणार नाही," ती म्हणाली, "मेलेली आहे." आणि तिने सुई उचलली.

सुईनंतर पाच मिनिटं मला तिथे तसंच सोडून ती शेजारच्या खोलीत कोणाच्या तरी दातांना तार बांधायला गेली. ओठ जायला लागला. आधी कडेचा, मग मधला. समुद्र मागे हटतो आणि ओला चिखल उरतो तसा माझा अर्धा चेहरा उरला. दिव्याभोवती पिवळं कडं आलं. त्या कड्यात मला समितीचं टेबल दिसायला लागलं, ते दिसावं अशी माझी मुळीच इच्छा नसताना. लांबट टेबल, एका बाजूला निळे गणवेश, दुसऱ्या बाजूला हिरवे, मध्ये केळीच्या पानातल्या भाताच्या पुड्या, आणि टोकाला मी, मोख्तार बिन लेमान, निवृत्त वॉरंट ऑफिसर, कराराने पुन्हा नेमलेला, नोंदवह्या सांभाळणारा. वीस वर्षं हवाई दलाचं म्हणणं होतं की हेलिकॉप्टरं सांभाळणं लष्कराला जमणार नाही. मग हेलिकॉप्टरं म्हातारी झाली, आणि लष्कराला ते जमेल याविषयी हवाई दलाच्या मनात शंका उरली नाही. लष्करही वीस वर्षं हेलिकॉप्टरं मागत होतं. मिळाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मागण्याची सवय झाली होती, घेण्याची नव्हती. बारा एंगांग द्यायची ठरली. एंगांग म्हणजे धनेश पक्षी. प्रत्येक हेलिकॉप्टरच्या नाकावर त्याची पिवळी चोच रंगवलेली. चौदा बैठका झाल्या. त्यांतल्या दोन किटलीवर खर्ची पडल्या: धावपट्टीशेजारच्या खोलीतली विजेची किटली हेलिकॉप्टरांबरोबर जाणार की तळावर राहणार. तीन बैठका हिरव्या रंगावर. जंगलाचा हिरवा की रणगाड्याचा, यावर दोन्ही बाजूंचे कर्नल हमरीतुमरीवर आले, आणि शेवटी भांडारात जो शिल्लक होता तो हिरवा एकमताने मंजूर झाला. पक्ष्यांवर एका बैठकीत तीन मिनिटं. झाका, एवढंच ठरलं. आणि चौदाव्या बैठकीत प्रत्येक हेलिकॉप्टरचा स्थितीपत्रक म्हणून एक एक कागद वाचला गेला, त्याला दहा रकाने. सात नंबरचा कागद आला तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. आमचे कर्नल चष्म्यावरून बघत म्हणाले, "मोख्तार, रकाना नऊ?" रकाना नऊ म्हणजे इतर ज्ञात बाबी. खोलीत पंख्याचा आवाज होता. माझी जीभ खालच्या डाव्या दाढेवर गेली, चिरेवर टेकली, आणि तिथूनच मी साहेबांना म्हणालो, "काही नाही, तुआन." त्यांनी लिहिलं, काही नाही. खाली मी सही केली. माझी सही चांगली आहे, सगळे म्हणतात.

खोटं बोललो का, हा प्रश्न मी स्वतःला सात महिने फारसा विचारला नाही, कारण आमच्यात ते खोटं नव्हतं. आमच्या नोंदवहीत दोनच शाया. काळी म्हणजे उडायला ठीक, लाल म्हणजे उभं करा. लाल नोंद बंद करायची तर काय बिघडलं, कशाने मोजलं, कसं दुरुस्त केलं, या तीन गोष्टी लिहाव्या लागतात. ज्याला मोजता येत नाही त्याची लाल नोंद कधीच बंद होत नाही. असं हेलिकॉप्टर मग झाडाखाली उभं राहतं, त्याचे अवयव एकेक करून भावंडांना जातात, आणि शेवटी लहान मुलांच्या बागेत त्याचं पोट ठेवतात. म्हणून मोजता न येणाऱ्या गोष्टी आम्ही लिहीत नव्हतो. सांगत होतो. त्याला आमच्याकडे पेसान म्हणतात. निघणाऱ्याच्या कानात ठेवायचं सांगणं. आई मुलाला परगावी पाठवताना ठेवते, मरणारा मागे राहणाऱ्याजवळ ठेवतो, आणि आमच्या स्क्वाड्रनमध्ये वैमानिकाच्या डाव्या खांद्याचा पट्टा आवळताना ठेवत. उजव्या खांद्याचा पट्टा तो स्वतः लावी. डावा जमिनीवरचा माणूस लावी, पायरीवर चढून, खिडकीतून अर्धा आत वाकून. त्या क्षणी तोंड आणि कान यांच्यात वीतभर अंतर असतं आणि इंजिन अजून सुरू झालेलं नसतं. दोन नंबरला पेसान होतं: थंडीत उजवा दिवा खोटं लाल दाखवतो, त्याच्यावर रागावू नका. अकराला होतं: चिखलात उतरताना आधी मागचं चाक. आणि सात नंबरला होतं ते मी ठेवलेलं. एकोणीस वर्षं मी ते एकेचाळीस वैमानिकांच्या कानांत ठेवलं. मी रजेवर असलो की माझा मदतनीस ठेवी, आणि त्याने ठेवलं की नाही हे मी रजेवरून येऊन त्याला नाही, वैमानिकाला विचारी.

"जड वाटतंय?" डॉक्टर परत आली होती. तिने ओठाला टोचलं, मला वाटलं दुसऱ्या कोणाच्या तरी ओठाला टोचलं. "छान. आता नुसता दाब जाणवेल." दाब जाणवला. दाबाबरोबर बाराम नदी आली, खाली, दुधाच्या चहाच्या रंगाची. आम्ही आतल्या भागातल्या एका शाळेत परीक्षेच्या प्रश्नपत्रिका पोचवून परतत होतो. प्रश्नपत्रिकांबरोबर एक बंदूकधारी पोलीस गेला होता, तो परतीला फक्त स्वतःला सांभाळत होता. शाळेच्या हेडमास्तरांनी टोपलीभर डुरियन दिले होते, फणसासारखी काटेरी, उग्र वासाची फळं. आता बंद हेलिकॉप्टरात डुरियन म्हणजे शिक्षा, म्हणून वैमानिक मेजर तर्मिझी म्हणाले, "मोख्तार, मागचं दार उघड, नाहीतर मी आंधळा होईन." दार उघडलं. टाकीत तिसऱ्या हिश्श्याहून कमी तेल. नदी डावीकडे वळत होती, मेजर नदीबरोबर वळले. आणि सात नंबर थरथरला. थरथर म्हणतो कारण दुसरा शब्द नाही; झोपेत पायरी चुकल्यावर अख्खं अंग दचकतं ते, पण लोखंडाचं, आणि न थांबणारं. मेजरनी कोणीही केलं असतं तेच केलं, डाव्या हातातला दांडा वर ओढला, वर जायला. शेपूट खाली बसली. उघड्या दारातून झाडं आत आली. पानं नाहीत, पण पानांचा वास, ओल्या सालीचा वास, डुरियनच्या वासाहून मोठा. टोपली सुटली आणि फळं एकामागून एक दारातून नदीकडे चालत गेली, घाई न करता, मला अजून दिसतात. पोलीस आईला हाक मारत होता. माझे दात एकमेकांवर आपटले आणि डोक्यात फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. मग मेजर तर्मिझींचा हात, डोक्याला न विचारता, खाली गेला. दांडा सोडला, नाक खाली झुकवलं. नदी सगळी खिडकीभर झाली. एक, दोन, तीन, चार. आणि थरथर थांबली, कधी नव्हतीच अशी.

तळावर आल्यावर मेजर बराच वेळ खाली उतरले नाहीत. मग म्हणाले, "ओढायचं नाही. नाक खाली, चार मोजायचे. चारच. पाच मोजले तर नदी." मी म्हटलं, "लाल लिहू, तुआन?" लिहिलं आम्ही लाल, खरं तर, एकदा लिहिलं. कारखान्याचे दोन इंजिनियर समुद्रापलीकडून आले, पेट्याभर यंत्रं घेऊन. अकरा दिवस त्यांनी सात नंबरला तारा लावून उडवलं, दार उघडं ठेवून, टाकी रिकामी ठेवून, डावीकडे, उजवीकडे. सात नंबर त्यांच्यासमोर पाहुण्यांसमोरच्या मुलासारखा वागला. ते लिहून गेले, दोष आढळला नाही. लाल नोंद काळी झाली. दीड महिन्याने तो पुन्हा थरथरला, तेव्हा दुसरा वैमानिक होता. पण त्याच्या कानात मी ठेवलं होतं, त्याने चार मोजले, आणि संध्याकाळी येऊन मला नुसता हात दाखवला, चार बोटं. त्या दिवसापासून आमच्यात ते ठरून गेलं. कोणी ठरवलं नाही. मोडलेल्या दाढेची तेवढी मी कुठे नोंद केली नाही. मला वाटलं आपण होऊन पडेल.

"बघा, केवढी चीर," डॉक्टर म्हणाली. तिने दाढ दिव्याखाली धरली. दोन मुळं, आणि वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ, शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी. "काहीतरी कडक चावलात तुम्ही कधीतरी." मी मान हलवली. तिने दाढ एका निळ्या प्लॅस्टिकच्या डबीत घातली, लहान मुलांना देतात तसली, वर हसरा दात छापलेला. जखमेवर कापसाची गुंडाळी दाबली आणि एक चिठ्ठी दिली. "चावून धरा. तासभर बोलायचं नाही. नंतरही ओठ जागा होईपर्यंत बोलूच नका, जीभ चावाल आणि कळणारही नाही. सगळं या चिठ्ठीत आहे." मी बाहेर आलो. अकरा वाजून गेले होते. रस्त्यावर माणसं छत्र्या घेऊन उन्हात चालत होती, खांबांवर झेंडे, आणि माझं अर्धं डोकं त्यांच्यापेक्षा थोडं मागे चालत होतं.

सोपवण्याचा दिवस मी इतक्या वेळा आठवलाय की आता तो दिवस मला पाठ आहे, घडल्याचं स्मरत नाही. सकाळी आठला बँड. बारा एंगांग ओळीने, ताज्या हिरव्या रंगात, रंगाखाली पक्षी. लष्कराचे वैमानिक आले, तरणी पोरं, बुटांचा एकसारखा आवाज. सात नंबरसाठी कॅप्टन इझवान नावाचा मुलगा होता. मी पायरीवर चढलो. एकोणीस वर्षांचं सांगणं तोंडात तयार, डावा हात पट्ट्याकडे जायला निघालेला. त्याचे दोन्ही पट्टे लावून झाले होते. लष्करात वैमानिक आपले पट्टे आपण लावतात. जमिनीवरचा माणूस समोर वीस पावलांवर ताठ उभा राहतो. हे चौदा बैठकांमध्ये कोणी बोललं नव्हतं, किटलीवर बोलले होते. मी खिडकीत अर्धा वाकलेला, रिकाम्या हाताने. त्याने माझ्याकडे बघितलं, गोड हसला, म्हणाला, "थँक्यू, पाकचिक," काका म्हणाला मला, आणि खिडकी लावून घेतली. काच माझ्या नाकाला लागली. मग पाती फिरायला लागली आणि मी पायरीवरून उतरलो. नंतर फोन करू, म्हटलं. पण फोनवर पेसान ठेवतात असं मी कधी ऐकलं नव्हतं. आणि लिहायचं तर खाली सही होती, काही नाही, माझी, चांगली. सप्टेंबरात माझा करार पुन्हा वाचला जाणार आहे. स्क्वाड्रनचं नाव आहे. सात नंबरही आहे, त्याला झाडाखाली उभं राहणं आवडणार नाही. अशी मी सात महिने कारणं जमवली, आणि ती सगळी खरी होती, हेच वाईट.

टॅक्सीत फोन वाजला. बायको, रोकिया. अबांग म्हणते मला, अहो म्हणावं तसं. "अबांग, काढली का? बोलू नका, नुसतं हं म्हणा." मी हं म्हटलं. "दुखतंय? बोलू नका म्हटलं ना. मी भाताचा बुबुर करून ठेवलाय, पातळ, मासा बारीक करून. मिरची नाही. तुम्ही येईपर्यंत गार होईल म्हणजे बरोबर तुम्हाला चालेल तसा. कुठे आहात? गाड्यांचा आवाज येतोय. घराकडचा नाही हा आवाज." तीस वर्षं हवाई दलाच्या माणसाबरोबर राहून तिचेही कान तयार झालेत. मी हं म्हटलं. "कुठे निघालात, अबांग?" यावर हं म्हणता येईना. ती म्हणाली, "बरं. कापूस गिळू नका तेवढा."

शहराच्या दक्षिणेला एका जुन्या मैदानावर लष्कराने तालमीपुरता तळ टाकला होता. फाटकावर मी ओळखपत्र दाखवलं आणि चिठ्ठीच्या कडेला लिहिलं: सार्जंट नुइंग. शिपायाने माझ्या सुजलेल्या गालाकडे बघून मला युद्धातला माणूस समजून आत सोडलं. नुइंग अनाक बलांग सारावाकचा, इबान जमातीचा, बुटका, रुंद. हस्तांतरणात लष्कराच्या बाजूने शिड्या मोजणारा हाच होता, आणि किटली शेवटी हाच घेऊन गेला. मला बघून त्याचं तोंड फुललं. "तुआन मोख्तार! किटली परत न्यायला आलात? नाही मिळणार. शिक्का मारलाय तिच्यावर." मी गालाकडे बोट दाखवलं. "दात? अरेरे. बसा, बसा. बोलता येत नाही म्हणजे पहिल्यांदाच हवाई दलाचा माणूस माझं ऐकून घेणार." त्याने मला कनातीखाली खुर्ची दिली. समोर उन्हात पाच एंगांग. तिसरा सात नंबर. मी बघत राहिलो. "पक्षी दिसला ना?" नुइंग हळूच म्हणाला. "तीन हात दिले मी रंगाचे. सावलीत दिसत नाही. बारा वाजता ऊन डोक्यावर आलं की चोच वर येते, मग डोळा. माझ्या आजीला सांगितलं तर म्हणेल, धनेशाला झाकायला गेलास कशाला, मेल्या, तो काय कोंबडी आहे?"

मी डॉक्टरची चिठ्ठी काढली. पुढच्या बाजूला छापलेलं होतं, नळीने पिऊ नये, चूळ भरू नये, गरम खाऊ नये. मागची बाजू कोरी. खिशात पेन होतं, नोंदवह्यांचा माणूस. हाताने मला न विचारता लिहिलं. सात नंबर. टाकी तिसऱ्या हिश्श्याखाली, मागचं दार उघडं, डावं वळण: थरथर येईल. दांडा ओढू नये. नाक खाली, चार मोजावे. एकोणीस वर्षांचं दोन ओळींत मावलं. मला थोडं वाईट वाटलं. मी चिठ्ठी नुइंगपुढे सरकवली, आणि त्याने ती झटकन उलटी केली, पत्त्यांतलं पान झाकावं तशी. "नळीने पिऊ नये," त्याने वाचलं. "एवढं वाचलं मी, तुआन. एवढ्याची पोच देतो." मी चिठ्ठी पुन्हा पालथी करायला हात नेला, त्याने तिच्यावर आपला पंजा ठेवला. चेहऱ्यावरचं हसू तिथेच होतं, फक्त त्याच्या मागचे दिवे मालवले होते. "हे बघा. दाढ काढून माणूस घरी जातो. तुम्ही फाटकातून आत आलात. आणि आल्यापासून तुम्ही एकाच हेलिकॉप्टरकडे बघताय. ते काही चांगलं नाही एवढं मला कळतं. पण आमच्यात वाचलं की शिक्का, शिक्का मारला की वहीत, वहीत म्हणजे लाल. आता अडीच तास राहिलेत. चारला पाच जाणार, बाणासारखी. तिसरं काढलं तर मध्ये भोक पडेल, तुमच्या तोंडासारखं, आणि खाली सगळे मंत्री वर बघत असणार. आणि लाल नोंद बंद कशी करायची, ते आहे का त्या कागदावर?" मी मान हलवली. नाही. "वाटलंच. मग तोंडाने सांगा. तुमच्यात सांगतात ना, मला माहीत आहे, आमच्या लाँगहाउसात, एका छपराखाली अख्खं गाव, तिथे पण सांगतात. ऐकलं तर मी माणूस. वाचलं तर मी कचेरी." त्याने घड्याळ बघितलं. "ओठ कधी उठतो तुमचा?" मी खांदे उडवले. "बसू," तो म्हणाला, आणि ती किटली लावली.

आम्ही बसलो. त्याने चहा घेतला, मी चहाचा वास. चिठ्ठी दोघांच्या मध्ये, तिच्यावर त्याने निळी डबी ठेवली, उडू नये म्हणून. हसरा दात आमच्याकडे बघत होता. ऊन गवतावर पातळ पाण्यासारखं हलत होतं आणि त्या पाण्यात हेलिकॉप्टरांची चाकं विरघळत होती. मला डुलकी लागली असावी. स्वप्नात बारा पक्षी ओळीने बसले होते आणि मी एकेकाजवळ जाऊन त्यांच्या डाव्या खांद्यावर वाकत होतो, पण पक्ष्यांना खांदे नव्हते, नुसती हिरवी पिसं, आणि कान कुठे असतात ते मला सापडत नव्हतं. मेजर तर्मिझी दुरून म्हणत होते, "मोख्तार, दार उघड." ते इपोहला पपनसांची बाग करतात, त्यांना यातलं काही माहीत नाही. जागा झालो तेव्हा नुइंग आपल्याशीच बोलावं तसा बोलत होता. "आज टाक्या भरणार नाहीत. भरली टाकी जड, इंजिन तापतं, कर्नल म्हणाले अर्धीच भरा. मग मनोऱ्याभोवती थांबायचं, मंत्री खुर्चीत बसेपर्यंत. मागे दारात पोरं उभी राहणार, झेंडा घेऊन, सलाम करत. दारं उघडी. टीव्हीवर छान दिसतं म्हणे." थांबता थांबता अर्धी टाकी तिसऱ्या हिश्श्याखाली जाणार होती. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "सात नंबरच्या दारातली दोन पोरं माझीच आहेत. माझ्या तुकडीतली." आणि थोड्या वेळाने: "मार्चमध्ये माझी बदली. घरी, मिरीला. बायको म्हणते, किटली आणू नका, घरी आहे."

मार्च. मी बोटांवर मोजलं. आता सांगितलं तर नुइंग ऐकेल, उठेल, वीस पावलं चालून लष्कराची पद्धत मोडून पायरीवर चढेल, आणि कॅप्टन इझवानच्या कानात ठेवेल. सात नंबर आज चार वाजता डावीकडे वळेल आणि त्याला काही होणार नाही. माझी सही जशी आहे तशी राहील, सप्टेंबर येईल, सात नंबर झाडाखाली जाणार नाही. सगळ्यांचं भलं, पेसानचं कामच ते. मग मार्चमध्ये नुइंग मिरीला जाईल. त्याच्या जागी जो येईल तो ताठ उभा राहील, वीस पावलांवर. एकोणीस वर्षं मला वाटत होतं की ते सांगणं एकेचाळीस वैमानिकांनी जिवंत ठेवलं; खरं तर ते एका पट्ट्याने ठेवलं होतं, आणि एका चांगल्या वळणाच्या मुलाने आपला पट्टा आपण लावला तेवढ्याने ते संपलं. मला ओठात मुंग्या आल्या. आधी कडेला, अगदी बारीक. समुद्र परत येत होता. मग हनुवटी. मग जिभेला गालाची आतली बाजू लागली, आणि जीभ सवयीने डावीकडे खाली गेली, चिरेवर टेकायला. तिथे खड्डा होता. मऊ, खारट. समोर एका शिपायाने सात नंबरच्या पात्यांच्या दोऱ्या सोडायला सुरुवात केली होती, आणि कॅप्टन इझवान शिरस्त्राण काखेत धरून गवतावरून चालत येत होता. मला बघून त्याने ओळखल्यासारखा हात वर केला. तीन वाजून दहा.

"उठला की काय ओठ?" नुइंग म्हणाला. तो खुर्ची ओढून जवळ आला, इतका जवळ की त्याच्या खांद्याचा घामाचा वास आला, आणि त्याने मान वाकडी करून कान माझ्या तोंडाशी आणला. डावा. वीतभर अंतर. इंजिन अजून सुरू झालं नव्हतं. असा कान मला सात महिन्यांत कोणी दिला नव्हता, आणि सांगायचं सगळं आपोआप जिभेवर येऊन उभं राहिलं, ओळीने, पहिल्या शब्दापासून. मी कापसाची गुंडाळी काढून रुमालात ठेवली. निळी डबी उचलून खिशात घातली. तिच्याखालची चिठ्ठी पालथी केली, लिहिलेली बाजू वर, तिच्या तळाशी माझं पूर्ण नाव लिहून सही केली, आणि ती त्याच्या कानापुढून त्याच्या डोळ्यांपुढे नेली.

"वाच," मी म्हटलं.

नुइंगची मान अजून वाकडीच होती, ऐकण्याच्या बेतात. मग तो सरळ बसला, आणि सात नंबरकडे, जिथे उन्हात चोच वर आली होती तिथे, त्याने कापडावर दिसणाऱ्या डागाकडे बघावं तसं एकदा बघितलं. खिशातून त्याने आधी चष्मा काढला, मग शिक्का.